साळवेसाहेबांचा शेरा

प्रभाकर साळवे या माणसाने उभ्या आयुष्यात शेरा लिहिल्याशिवाय कशावर सही केली नाही. कशावर म्हणजे कशावरच नाही. कुरिअरवाला आला की आधी "पाकीट उजव्या कोपऱ्यात फाटलेल्या स्थितीत प्राप्त" असं लिहायचं आणि मग सही. तो पोरगा घड्याळ बघत उभा. मी एकदा कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली, तर रिकामी बरणी परत आली तिच्यात चिठ्ठी: "पाहिले. चव उत्तम. मीठ किंचित कमी. पुढील कार्यवाहीसाठी परत." मी दारात जाऊन विचारलं, "साहेब, पुढची कार्यवाही म्हणजे मी नेमकं काय करायचं?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुन्हा भरून पाठवायची, ताई."

त्यांच्या पत्नी रूथताई आतून ओरडल्या, "लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा काहीतरी लिहायला निघाले होते! पाद्रीसाहेबांनी पेन काढून घेतलं म्हणून आमचं लग्न झालं."

आमची ओळख झाली लिफ्टमध्ये. गाझियाबादला तीस वर्षं तळमजल्यावर काढलेली बाई मी, मिस्टर गेल्यावर मुलाकडे गुरुग्रामला आले ती थेट अकराव्या मजल्यावर. बहिणीशी फोनवर बोलत लिफ्टमध्ये शिरले, तर कोपऱ्यातून आवाज, "मराठी का?" पांढरेशुभ्र केस, बिनबाह्यांचा स्वेटर, खिशाला तीन पेनं. भिंतीवर लिफ्टच्या तपासणीचा कागद चिकटवलेला होता, तो ते वाचत होते. म्हणाले, "याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलीय."

"अगं बाई! मग उतरू या की!"

"कशाला? मी सोसायटीला लिहून दिलंय." आणि शांतपणे अकराचं बटण दाबलं. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होते ते.

मी हसले तेव्हा. आता हसू येत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावचे ते. मिशनच्या शाळेत शिकले, बाविसाव्या वर्षी कारकून म्हणून दिल्लीत आले आणि अवर सचिव होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी कस्तुरबा गांधी मार्गाच्या आसपासच्या कचेऱ्यांमध्ये. सरकारात म्हणे हिरव्या शाईचं पेन फक्त वरच्या साहेबांनी वापरायचं. यांना ती पायरी तीन बढत्या लांब राहिली. त्याची खंत होती त्यांना. पण फाइलीवर मात्र देवासारखा विश्वास. "ताई, बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं फाइलवर राहतं. एकदा टिपणी लिहिली की आपण मोकळे. फाइल वर जाते, वरचा वाचतो, त्याला वाचावंच लागतं, आणि फाइल फिरून आपल्याकडे येते. चाळीस वर्षांत न आलेली फाइल मी पाहिली नाही. उशिरा येते, पण येते."

निवृत्तीनंतर वर्षभर ते घरात बसून दुधाच्या पिशव्यांवर शेरे लिहीत होते, तेवढ्यात गुरुग्रामच्याच एका टॉवरमधल्या कंपनीने त्यांना बोलावलं. ही कंपनी फंड काढायची. म्हणजे लोकांचे पैसे गोळा करायचे आणि शेअर बाजारात नसलेल्या धंद्यांमध्ये घालायचे. कुणाचं हॉस्पिटल, कुणाचं गोदाम, कुणाची शाळा. सात-आठ वर्षं पैशाला हात लावायचा नाही. त्या फंडावर विश्वस्त म्हणून एक बुजुर्ग माणूस हवा होता.

मुलाखतीहून आले ते थेट माझ्या गॅलरीत. "मला विचारलं, फायनान्स येतं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, परफेक्ट!"

"अहो, मग घेतलं कशाला?"

"या पांढऱ्या केसांना," ते म्हणाले. आणि खिशातून नवं कोरं पेन काढून दाखवलं. हिरवं. "इथे कोण अडवणार?"

कंपनीचा कर्ताधर्ता चाळिशीतला होता. सगळे त्याला सर म्हणायचे, साळवेसाहेब त्याला 'आमचे चिरंजीव' म्हणायचे. तोंडावर नव्हे, माझ्या गॅलरीत. संध्याकाळी चहाला आले की दिवसभराचं सांगायचे, आणि मला तर असलं सगळं ऐकायची फार हौस. मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ते पन्नाशीनंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन, मुलाच्या पैशापाण्याच्या गुलाबी पेपरातून. त्यामुळे शंका फार. मी विचारलं, "बाजारात नाही म्हणता, मग त्या गोदामाचा भाव कोण ठरवतं?"

"आम्हीच."

"म्हणजे भाजीवालीने टोपलीवर कापड झाकून सांगायचं, आत काय आहे बघू नका, पण भाव वाढलाय?"

मोठ्यांदा हसले. मग हसता हसता थांबले आणि समोरच्या टॉवरांकडे बघू लागले. त्या बाजूला बघण्यासारखं काही नसतं, काचाच काचा.

ते रुजू झाले तेव्हा कंपनीचा दुसरा फंड चालू होता. पूर्वी म्हणे एका फंडाचे पैसे लोकांना परत गेल्यावर पुढच्याची गोष्ट निघायची. आता तसं राहिलं नव्हतं. दुसऱ्याचा रुपया परत गेला नाही तोच तिसरा निघाला, आणि तिसऱ्याचं पोट भरायच्या आत चौथा. "पहिल्याचं जावळ निघालं नाही, ताई, आणि यांच्याकडे चौथं बारसं," साहेब म्हणायचे. आधी परदेशातले मोठे लोक पैसे द्यायचे. ते सावध झाले, आमचं आधीचं परत करा मग नवं मागा म्हणू लागले. तेव्हा ही मंडळी वळली आपल्यासारख्यांकडे. कोटीच्या खाली घेतच नाहीत, पण दिल्लीच्या आसपास घर विकलेल्या म्हाताऱ्यांकडे कोटभर असतातच. एकदम द्यायचेही नाहीत. कोटीचं कबूल करून सही करायची आणि कंपनी मागेल तसे चार हप्त्यांत भरायचे. एखादा हप्ता चुकला तर आधी भरलेलं जप्त होऊ शकतं. ही ओळ शेवटून तिसऱ्या पानावर असते. मला साहेबांनीच दाखवली.

चौथ्या फंडाचा शुभारंभ एका मोठ्या हॉटेलात झाला आणि आम्हा सगळ्या मराठी ओळखीच्यांना आमंत्रण होतं. मी नलूला घेऊन गेले. नलिनी देवकर, गाझियाबादची माझी शेजारीण. मिस्टर संरक्षण खात्यात होते तिचे, ते गेले, मूलबाळ नाही. नुकतंच तिने तिथलं घर विकलं होतं आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. मी तिला नेलं ते जेवणासाठी, खरंच सांगते. म्हटलं, एकटी बाई, चार माणसांत येईल.

समई लावली. चिरंजीव बोलले. मग साहेबांना मंचावर बोलावलं, भारत सरकारचे माजी अमुक तमुक म्हणून, आणि दिवा मारला त्यांच्यावर. केस असे काही चमकले! नलू माझ्या कानात म्हणाली, "वैनी, हे तुमच्या समोर राहतात? किती साधे आहेत हो!"

साहेबांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. एवढंच म्हणाले, "मी काही पैशाचा जाणकार नाही. पण मी कागद वाचल्याशिवाय सही करत नाही." टाळ्या थांबेनात.

त्यानंतर दोन महिन्यांची गोष्ट. तिसऱ्या फंडाने घेतलेलं एक शीतगृह होतं, हरियाणात रेवाडीच्या पुढे. ते आता चौथा फंड विकत घेणार होता. विकणारे चिरंजीव, घेणारे चिरंजीव, भाव ठरवणारेही चिरंजीवच. साहेब म्हणाले, "मी बघून येतो. रूथला आणि तुम्हाला हवापालट." एका रविवारी गेलो. हिवाळा संपत आला होता, सरसों म्हणजे आपली मोहरी कापायला आली होती. रूथताईंनी धपाटे बांधून घेतले होते. साहेब वाटभर खूश. सरकारात असतानाही म्हणे त्यांना जागेवर जाऊन पाहणी करायची फार आवड.

जागा लांबून दिसली. एवढी मोठी पांढरी इमारत शेतांच्या मधोमध. गाडी थांबली, आम्ही उतरलो, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग रूथताईच म्हणाल्या, "किती शांत आहे नाही?"

आवाजच नव्हता. शीतगृह म्हटलं की यंत्रं घुरघुरली पाहिजेत, रात्रंदिवस. इथे चिमण्या ऐकू येत होत्या.

दारावरच्या चौकीदाराने कुलूप उघडलं. आत त्याची खाट, दोरीवर सुकणारे कपडे, एका बाजूला पसरलेल्या लाल मिरच्या. आणि ऊब. अंगातली शाल काढावी इतकी ऊब. साहेबांनी विचारलं, "माल कहाँ है?"

"कौन सा माल, साहब? तीन साल से तो यहाँ मैं ही हूँ।"

"कंपनी से कोई आता है?"

"आते हैं ना। बाहर से फोटू खींच के ले जाते हैं।"

कंपनीच्या कागदात लिहिलं होतं की शीतगृह जवळजवळ भरलेलं आहे. साहेब आतून एक फेरी मारून आले. चेहरा मिरच्यांच्या उजेडात वेगळाच दिसत होता, का मलाच वाटलं कोण जाणे. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी तिथेच टिपणी लिहिली. दोन पानं. यंत्रं बंद, माल नाही, चौकीदाराचं म्हणणं, सगळं. शेवटी: "सबब, प्रस्तावित खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे." इंग्रजीत लिहिलं, मला मराठीत वाचून दाखवलं. खाली हिरवी सही, तारीख.

आणि मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. परतीच्या वाटेवर तीन धपाटे खाल्ले. म्हणाले, "चलो, झालं काम. आता वरचं वरचे बघतील."

मी म्हटलं, "साहेब, नलूचा तुमच्या फंडाचा फॉर्म भरायचा चाललाय. तिला सांगू का मी?"

"बिल्कुल नाही," ते दचकून म्हणाले. "कार्यालयीन बाब आहे, ताई. मी गुप्ततेवर सही केलीय. आणि गरज काय? टिपणी गेलीय. खरेदी थांबणारच. फाइल परत येऊ दे."

मीही ऐकलं. एवढा मोठा माणूस म्हणतोय, म्हटलं, थांबावं.

आठवडा गेला. विचारलं, तर म्हणाले, "चिरंजीवांनी वाचली. म्हणाले, बहुत बढ़िया नोट है, सर." खूश होते. मला मात्र ते खटकलं. रिकामं गोदाम पकडलं गेल्यावर एखादा माणूस घाबरेल, चिडेल, निदान सबब सांगेल. कौतुक कोण करतं? पण बोलले नाही मी. दुसरा आठवडा गेला. तिसरा. संध्याकाळी चहाला आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि ते मान हलवायचे, "अजून नाही. येईल."

मग एका दुपारी नलू आली. हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणि पेढे. साहेब गॅलरीतच बसले होते. नलू त्यांच्या पायाच पडायला निघाली, त्यांनी खुर्ची मागे ओढली. "साहेब, तुमच्यामुळे धीर आला. नाहीतर मला काय कळतंय यातलं! पहिला हप्ता गेला काल." आणि पुस्तक उघडून तिने ओळीवर बोट ठेवलं, अडखळत वाचलं, मग मराठीत सांगितलं, "बघा ना वैनी, यांनी काय लिहिलंय. विश्वस्त श्री. पी. साळवे यांनी शीतगृहाची स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली असून त्यांची सविस्तर निरीक्षणे लेखी नोंदवण्यात आली आहेत."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. ती एवढीशी ओळ, पण फार वेळ लागला त्यांना वाचायला. चहावर साय धरली.

"वाक्य खरं आहे," ते म्हणाले.

नलूला वाटलं, हा विनय. ती हसली, पेढा पुढे केला. त्यांनी घेतला आणि हातातच धरून बसले. मी आत जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि उगाच उभी राहिले. दोघं होतो आम्ही तिथे, दोघांनी ती मिरच्यांची ऊब अंगावर घेतली होती, आणि दोघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चिरंजीवांपुढे जाऊन उभे राहिले. माझी टिपणी छापा म्हणाले, सगळी. चिरंजीव म्हणाले, "सर, वो तो रिकॉर्ड पर है। और आपने साइन किया है।" आवाजसुद्धा चढवला नाही म्हणे. साहेबांनी तिथेच राजीनामा लिहिला. घरी आले, माझ्या दारावरची घंटा वाजवली. "ताई, मी नलिनीबाईंकडे गाझियाबादला जातोय. तोंडी सांगायचं आहे. तुम्ही चला. तुम्ही सोबत होता."

मी म्हटलं, "साहेब, गुडघे फार दुखताहेत."

गुडघे दुखतातच माझे. पण त्या दिवशी कारण ते नव्हतं. नलूला त्या हॉटेलात मी नेलं होतं. तिच्यासमोर बसून, मला माहीत होतं गं, असं म्हणायचं धाडस नव्हतं माझ्यात.

एकटे गेले. मेट्रोने, दोन ठिकाणी बदलून. संध्याकाळी परत आले ते पहिल्यांदाच चहाला नको म्हणाले. उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. तिला म्हणाले, पुढचा हप्ता देऊ नका, पहिला जाईल तो जाऊ दे, गोदाम रिकामं आहे. तिने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. आणि म्हणाली, "साहेब, कंपनीशी तुमचं काही बिनसलंय का? त्यांचा फोन आला होता, असं म्हणाले. तुम्ही लिहून दिलंय पाहणी केली म्हणून, मग आता तोंडी वेगळं कसं? कुठलं खरं मानू मी?" साहेबांनी टिपणीची प्रत मागितली होती कंपनीकडे, मिळाली नाही. आपल्याकडे एक ठेवायची हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सरकारात कोणी फाइल घरी नेत नाही.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं, लिहिणं म्हणजे सांगणं."

महिन्याभराने नलूने दुसरा हप्ता भरला. साहेबांना वकिलाची नोटीस आली, गुप्ततेचा भंग केला म्हणून. त्यावर त्यांनी शेरा मारला नाही. रूथताई सांगत होत्या, हे आता कशावरच लिहीत नाहीत, दूधवाल्याला नुसती मान हलवतात. एक मात्र करायचे. रोज सकाळी शुभारंभाला आलेल्यांपैकी जेवढ्यांचे नंबर होते त्यांना एकेक करून फोन. "मी साळवे बोलतोय. मी ते गोदाम पाहिलंय. ते रिकामं आहे." दोघांनी ऐकलं, त्यांनी पैसे घातले नाहीत. बाकीचे म्हणायचे, अच्छा अच्छा, बघतो साहेब. एकाने तर विचारलं, चौथ्यात नको तर पाचव्यात घालू का, तो निघतोय आता.

दिवाळीनंतर हवा विषासारखी झाली, आणि त्याच आठवड्यात ते गेले. सकाळी, खुर्चीत, फोन मांडीवर. यादीतली सात नावं राहिली होती.

दफनविधीला आम्ही वीस-बावीस जण होतो. समोरचं झाड दिसू नये इतका धूर. रूथताई अजिबात रडल्या नाहीत, मास्क लावून ताठ उभ्या होत्या. माती पडली, लोक पांगले. नलू माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. "माझ्यासाठी एवढ्या लांब आले होते वैनी, आणि मी त्यांना असं बोलले." मग पर्समधून फोन काढून माझ्यापुढे धरला. तिसऱ्या हप्त्याची मागणी होती, पंधरा दिवसांची मुदत. खाली बारीक अक्षरात ती जप्तीची ओळ. "आता कोणाला विचारू मी? दिला तर हा जाईल, नाही दिला तर आधीचे दोन्ही. आणखी कोणीतरी ते गोदाम डोळ्यांनी पाहिलेलं असतं तर..."

"मी पाहिलंय," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. आवाज नव्हता ते. खाट, मिरच्या, चौकीदार काय म्हणाला ते. तारीखसुद्धा सांगितली. मी म्हटलं, "हा हप्ता देऊ नकोस, नलू."

"म्हणजे पहिला भरायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. मास्क नीट केला. फाटकापर्यंत आम्ही एकाच वाटेने गेलो, ती चार पावलं पुढे, आणि त्या धुरात मला तिची पाठसुद्धा नीट दिसत नव्हती.